उकुम्बी ॲपबद्दल तुमचं पहिलं मत

*निवडक पहिल्या सदस्यांत आल्याबद्दल अभिनंदन! पाच प्रश्न, दोन मिनिटं. प्रत्येक उत्तर आमच्यातला एक माणूस स्वतः वाचतो.*

तो माणूस जागेवर असेल तर त्याने एवढंच वाचावं. मी क्विंटर अवुओर, किसुमू. रक्तदात्यांची यादी मी सांभाळते. माझे दोनशे बारा दाते तुमच्या प्रतीक्षायादीत अडकलेत. त्यांतले सात ओ निगेटिव्ह आहेत. त्या सातांना आत घ्या, नाहीतर त्यांचे नंबर मला परत द्या. माझी बहीण बेरिल दुपारी बाळंत झाली. बाळ ठीक आहे. तिचं रक्त थांबत नाही. रक्तपेढीत तिच्या गटाची, ओ निगेटिव्हची, पिशवी नाही, उद्या येईल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, दोन पिशव्या, आणि आज.

*१. पहिल्यांदा उघडल्यावर काय वाटलं?*

छान वाटलं. समोरचा लिहितो ते अक्षर अक्षर उमटताना दिसतं, खोडतो तेही दिसतं. तुम्ही मला तीन आमंत्रणं दिलीत. एक साहेबांना दिलं, त्यांनी उघडलंच नाही. एक चर्चमधल्या मैत्रिणीला, तिचा फोन जुना. तिसरं बेरिलला. नावच उकुम्बी, म्हणजे हॉल; सोमवारी तिने लिहिलं, “ताई, एवढा मोठा हॉल आणि आपण दोघीच. नाचायचं का?” मी लिहिलं, “पोट सांभाळ आधी.” त्यावर तिने काहीतरी लिहिलं आणि खोडलं. शिवी होती. मला दिसली.

*२. काही गोंधळात टाकणारं वाटलं का?*

मी यादी चढवली तेव्हा तुम्ही लिहिलंत, ‘तुमच्या माणसांचे नंबर आमच्याकडे सुरक्षित आहेत.’ आता मलाच ते दिसत नाहीत. दोनशे बारा राखाडी वर्तुळं दिसतात. त्या सातांतल्या रोझमेल अडोंगोच्या वर्तुळावर बोट ठेवलं की येतं: रांगेत ४११८वी. ती इथून दोन थांब्यांवर राहते असं एकदा म्हणाली होती. कुठल्या बाजूला ते मी विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, जुना फोन कुठाय? आमच्याकडे नवा फोन आला की जुना गावी आईकडे जातो. रविवारी मीच नेऊन दिला. नंबर त्यातच आहेत, फोनच्या पोटात. नव्यात काय घ्यायचेत, म्हटलं, आता सगळं उकुम्बीवर आहे.

*कृपया उत्तर तीनशे अक्षरांत बसवा.*

नाही बसत.

*३. उकुम्बी नसताना तुम्ही हे काम कसं करत होता?*

फोन करून.

आत्ताही तेच केलं. आईला फोन लावला. आई शाळेत गेलेली नाही. मी दात्याच्या नावाआधी त्याचा गट लिहिते, इंग्रजीत.

“आई, नावांची यादी उघड. एक गोल आणि त्याच्यापुढे आडवी काडी, अशी नावं शोध.”

“गोल दिसतंय. काडीबिडी काही दिसत नाही गं, डोळ्यांना पाणी आलंय. बेरिल बोलते का?”

“बोलते. तू बघ ना.”

“खोटं बोलू नकोस मला.”

“आई, गोल!”

“गोल पुष्कळ आहेत, पोरी. सगळ्यांना लावते.”

“बोलायला पैसे आहेत का फोनमध्ये?”

“कशाला हवेत? रिंग देते आणि कापते. ज्याला आई आहे तो उलटा फोन करेल.”

मी थांबवायला हवं होतं. आम्ही लुओ जमातीचे. आमच्या निम्म्याहून जास्त पुरुषांची नावं ओनेच सुरू होतात. माझ्या फोनातला प्रत्येक प्लंबर, पास्टर, मेकॅनिक त्या गोलाखाली होता.

*४. टीमसोबत काम करणं सोपं झालं का?*

तासाभरात लोक यायला लागले. पहिला ओलुओच, शवपेट्या बनवतो. नर्सने त्याला दारातच अडवलं, “तू आत्ता कशाला?” तो म्हणाला, “बाई, रक्त द्यायला आलोय. दुकान बंद करून आलोय.” मग ओगुटू मेकॅनिक, हात काळे. मग दोन वर्षांपूर्वी मी ज्याचा फोन घेणं बंद केलं तो ओबुरा. “तुझी आई ओरडली माझ्यावर,” म्हणाला, “अजून तसंच ओरडते.” खऱ्या सातांपैकी सहा जणांचा पत्ताच नाही, एकाची फक्त बायको आली. तो मार्चमध्ये गेला. मला कुणी कळवलं नव्हतं. ती म्हणाली, “त्याला बोलावलंत ना, म्हणून आले. माझं चालतं का बघा.”

अकरा जणांची बोटं टोचून झाली. अकराही पॉझिटिव्ह. प्रयोगशाळेतला माणूस प्रत्येक वेळी बाहेर यायचा आणि नुसती मान हलवायचा. शेवटी तर दार उघडायच्या आधीच मला कळायचं.

बारावा ओमुगा, टायरवाला. आपला गट त्याला माहीतच नव्हता. माणूस बाहेर आला, मान हलवली नाही.

“झोप इथे,” नर्स म्हणाली.

“सुई केवढी आहे?” ओमुगाने विचारलं आणि डोळे मिटले.

*५. मित्रमैत्रिणींना उकुम्बी सुचवाल का? शून्य ते दहा.*

चौथं उत्तर पाठवताच तुमच्याकडून आलं: ‘तुमचं मत मिळालं, आभारी आहोत! प्रतीक्षायादी दर सोमवारी पुढे सरकते.’ आज गुरुवार आहे.

एक पिशवी आत गेली. बेरिलचे ओठ अजून तसेच आहेत, राखेसारखे. तिला हाक मारली तर भुवई हलते, तेवढीच. डॉक्टरने दारातून मला एक बोट वर करून दाखवलं. अजून एक.

आईचा फोन आला.

“क्विंटर, गोलवाले संपले. किती आले?”

“आले, आई. अजून एक हवाय.”

मागे कोंबड्यांचा आवाज.

“आता कुठलं चिन्ह शोधू? सांग. मी बघते नीट.”

“आता नको शोधूस. पहिल्यापासून लाव. सगळे लाव.”