खोकला झाकायचं औषध

छगनशेठच्या दुकानात खोकल्याची तपकिरी बाटली गुळाच्या ढेपेशेजारी असायची. मागितली की मिळायची.

राही पूर्वी जात्यावर ओव्या म्हणायची. गेल्या पावसाळ्यापासून नुसतं जातंच वाजत होतं.

देवळाली प्रवरेत त्या साली ऊस चांगला होता. सोयरिकी भराभर जमत होत्या.

कोल्हारचे पाहुणे यायच्या आधी मनकर्णाने लेकीला चुलीपाशी बसवलं आणि चमचा तिच्या ओठांना लावला.

"गिळ. आनखी एक. पाहुनं उठंस्तवर खोकायचं न्हाई, राही."

"आन आलाच तर?"

"जीव गेला तरी दाबायचा. एकदा अक्षदा पडल्या की मंग खोक हवं तेवढं."

राही पाटावर बसली तेव्हा तिच्या डोळ्यांवर झापड होती. नवऱ्या मुलाच्या, बन्सीच्या, तोंडात पान होतं. त्याने एक शब्द काढला नाही.

"पोरगी हळू बोलती," त्याची आई झुंबरबाई हसली. "बरंय. आमच्या घरात कलकलाट करायला मी हायेच की."

अक्षता पडल्या. पातळांच्या घडीत आईने दोन बाटल्या घालून दिल्या.

सासरी तिन्हीसांजेला झुंबरबाईने दिवे लावले. ओट्यावर, देवळीत, गोठ्यात. सगळ्या घासलेटच्या चिमण्या, बुचातून वात ओवलेल्या. राहीने एक उचलून पाहिली. तीच तपकिरी बाटली. सगळ्याच तशा.

"आत्याबाई, एवढ्या बाटल्या कुनी पिल्या?"

परड्यात बन्सी खोकत होता. राहीला वाटलं, हा खोकला आपल्याच छातीतून निघतोय.

झुंबरबाईला काय उमगलं कोण जाणे. तिने सुनेची ट्रंक उघडून पातळं उपसली.

"तुझ्या आयनं फसवलं व्हय आमाला!"

"आन तुमी?"

झुंबरबाईने घडीतल्या दोन्ही बाटल्या काढून देवळीत ठेवल्या.

"उद्या दवाखान्यात जाऊ. आमी दोघंबी," राही म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने मान वर करून कुणाला काही सांगितलं होतं.

"गेलीस तर तंगडं मोडीन! घरात क्षय हाय म्हनून गावभर व्हईल. मंग चांगुणाला कोन करून घील?"

धाकटी नणंद चांगुणा दारातच उभी होती, वेणीचा गोंडा चावत.

राहीने नवऱ्याकडे पाहिलं. तो आत येऊन भिंतीला टेकला होता, धापा टाकत.

"आय म्हनती ते खरं हाय," तो म्हणाला. "बहिनीचं तेवढं उरकू दे."

झुंबरबाईने राहीच्याच बाटलीचं बूच काढलं. आधी लेकाला, मग सुनेला, एकाच चमच्याने.

चांगुणाचं उरकलं. त्या मांडवात दोघांपैकी कुणीही खोकलं नाही. बन्सी शिमग्याआधी गेला. पांढऱ्या पायाची म्हणून राहीला देवळालीला आणून सोडलं. आखाडात तीही गेली. नवऱ्याच्या धसक्याने गेली, असं मनकर्णाने गावाला सांगितलं. दोन्ही घरांची अब्रू शाबूत राहिली.

कोल्हारचे पाहुणे येण्याच्या आदल्या आठवड्यात सरकारी नर्सबाई राहीची थुंकी तपासायला डबी देऊन गेल्या होत्या. औषध फुकट मिळतं, असंही म्हणाल्या होत्या. मनकर्णाने डबी कोरडीच परत केली.