पट्ट्यापासून हातभर

वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारातून परतताना देवमनची मोटारसायकल घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, पुन्हा झालं, पण हाड काही सांधेना. शेवटी वाशीमच्या डॉक्टरांनी तारेच्या वेटोळ्याचा एक पट्टा दिला. त्यातून मंद चुंबकी लहरी निघतात, त्यांनी हाडाच्या पेशी वाढीला लागतात, असं ते म्हणाले. महिनाभरात फरक दिसला नाही तर ऑपरेशन.

पेशी वाढीला लागतात, हे देवमनच्या डोक्यात शिरलं ते निघेनाच. गेल्या वर्षी बायकोच्या, अंजनाच्या, छातीतली गाठ काढली होती. तीही पेशींचीच. तो पट्टा बांधून पडला की अंजना खाटेला टेकून तूर निवडत बसे. उशाशी तिचा रेडिओ. पट्टा चालू झाला की रेडिओ घरघरे, आणि देवमनचा जीव खालीवर होई. जरा लांब बस, असं त्यानं सुचवून पाहिलं. त्यावर, बायकोचा कंटाळा आला का, असं तिनं विचारलं. खरं सांगायचं तर गाठीचं नाव काढावं लागलं असतं, आणि ते घरात कोणी काढत नसे. मग ती बसली की तो चादरीखालून बटण बंद करू लागला. ती उठली की चालू. पण ती उठायची कुठं!

महिन्यानं फोटो काढला. हाड तसंच. पट्टा रोज लावता ना, डॉक्टरांनी विचारलं. देवमननं मान हलवली. अंजनानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

परतीच्या बसमध्ये ती एकदम म्हणाली, "रेडिओ काहून साफ वाजून राह्यला होता?"

देवमननं खिडकीबाहेर पाहिलं, कुबडी या हातातून त्या हातात घेतली. मग हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

"माही गाठ," अंजना म्हणाली, "अन् मलेच इचारलं नाही तुमी?"

"भेव वाटे."

"मंग उतरा."

पुढच्या थांब्यावर तिनं त्याला कुबडीसकट उतरवलं आणि उलट्या बसनं पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. प्रयोगशाळेत, बशीत वाढवलेल्या गाठीच्या पेशींवर असे प्रयोग झालेत, ते म्हणाले. कुठं वाढतात, कुठं ढिम्म हलत नाहीत, छातीठोक कोणी सांगत नाही. पण वेटोळ्यापासून हातभर अंतरावर लहरींचा जोर फारसा उरत नाही. आणखी एक महिना बघू म्हणाले.

संध्याकाळी अंजनानं स्वतः बटण दाबलं आणि चार हात लांब, भिंतीपाशी जाऊन बसली. देवमन पडल्या पडल्या चुळबुळत होता. छताकडे बघे, तिच्याकडे बघे.

"जराशी सरक," तो म्हणाला.

ती उंबरठ्यापर्यंत सरकली.

"अजून."

"आता सरकले तं बाजूच्या सुंदरबाईच्या आंगनात जाईन," अंजना म्हणाली. पण सूप उचललं आणि उंबरठ्याच्या पलीकडं जाऊन बसली.