डावरा कोयता आणि उजव्या हाताचं वचन

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. नुसता जुना नव्हे, डावरा. विट्याच्या आसपास चार कोसांत माझ्यासारखा दुसरा नाही, आणि कुणी आहे म्हणाला तर तो थापा मारतो आहे. सध्या मी आकारामच्या घराच्या वळचणीला खोचलेला असतो. अंगावर गंज चढला आहे, मुठीला भेगा गेल्या आहेत. पण चैन म्हणाल तर नाही. वारा सुटला की मी पत्र्यावर टकटक करतो. घरातल्यांना वाटतं, पाल आहे. पाल नाही, मी आहे. माझ्या पात्याला एक गोष्ट चिकटून बसली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला धड गंजतासुद्धा येत नाही.

मी पूर्वी एका ट्रकच्या स्प्रिंगमधला पाटा होतो. खड्डे खाऊन खाऊन कंबर मोडली, तेव्हा विट्याच्या लोहारानं मला भट्टीत घातलं आणि माझा कोयता केला. आकारामला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानं मला उचललं ते डाव्या हातानं.

"आरं, त्यो हात न्हवं!" लोहार ओरडला.

"माझा ह्योच हाय."

लोहारानं कपाळावर हात मारून घेतला. चारचौघांच्या कोयत्याला एकाच अंगानं धार असते, आणि ती उजव्या हाताच्या बेतानं काढलेली असते. असा कोयता डावऱ्यानं चालवला की तो उसावरून घसरतो आणि थेट नडगीची चौकशी करायला येतो. म्हणून लोहारानं मला पुन्हा तापवलं आणि दुसऱ्या अंगानं धार काढली. तेव्हापासून मी फक्त आकारामचा. दुसऱ्या कुणी हातात धरलं की मी रुसायचो.

डाव्या हाताची गावाला भारी अडचण होती. लहानपणी राहीबाईनं, म्हणजे आकारामच्या आईनं, त्याचा डावा हात चिंधीनं कमरेला बांधून ठेवला होता. त्यामुळं जेवायला, कुणाकडून काही घ्यायला तो उजवा हात वापरायला शिकला. कष्टाचं सगळं मात्र डाव्यानंच. हे घर ख्रिस्ती. आज्यानं बाप्तिस्मा घेतला, नावं गावचीच राहिली. तरी प्रार्थनाघरात प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा घ्यायची वेळ आली की आकारामचा डावा हात आधी पुढं यायचा, आणि नाथाजी मास्तर डोळे न उघडता म्हणायचे, "हात बदल." हे नाथाजी मास्तर शाळेत शिकवायचे आणि दर आयतवारी आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात शास्त्र वाचून उपदेश करायचे. आत जाताना माणसं अवजारं दारातल्या खुंटीला अडकवत, म्हणून मीही सगळं ऐकत आलो आहे.

दर हिवाळ्यात आम्ही सांगलीकडं ऊस तोडायला जायचो. काय माझी धार होती, मित्रांनो! मी ऊस तोडायचो आणि उसाला ते दुपारी कळायचं. तोवर तो बिचारा उभाच राहायचा. मुकादम म्हणायचा, "आकाराम, फड उभाच हाय की रं, सकाळपासनं काय केलंस?" आकाराम नुसती फुंकर मारायचा आणि अख्खा फड आडवा व्हायचा. विश्वास बसत नसेल तर बसू देऊ नका. पुढचं मात्र खरं आहे, आणि तेच सांगायला मला जड जातं.

बाहत्तर सालचा दुष्काळ. टोळी लवकर परतली. आकाराम आणि त्याचा थोरला भाऊ कृष्णात या दोघांत एक विहीर होती. एक दिवस एकाची पाळी, एक दिवस दुसऱ्याची. पाणी पार तळाला गेलं होतं. दिवसाला वीस-पंचवीस मोटा निघाल्या तर निघाल्या. कृष्णातचा कांदा होता, आकारामचं बैलांच्या वैरणीपुरतं कडवळ. एका शुक्रवारी कृष्णातनं सकाळीच मोट धरली.

"दादा, आज पाळी माझी हाय," आकाराम म्हणाला.

"मंगळवारी बैल बसला हुता. माझा दिस बुडाला. आज मी धरनार."

"बुडाला तर बुडाला. तुजा बैल काय माज्या कडवळानं बसवला व्हय?"

"लय बोलू नगं. धाकला हायस, धाकल्यावानी ऱ्हा."

एवढंच भांडण. दुपारी कृष्णात बाभळीखाली भाकरी खायला बसला. आकाराम मला घेऊन विहिरीवर आला. मोटेचा जाड दोर, ज्याला आम्ही नाडा म्हणतो, त्याला तीन पीळ होते. त्यानं दोन कापले. त्याच्या मनात एवढंच होतं, की नाडा तुटावा, मोट विहिरीत पडावी आणि दादाचा दिवस वाया जावा. मी ऊस कापणारा. तो दोर होता हे मला कळायच्या आत मी कापून मोकळा झालो होतो.

पण मोट हाकणारा धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, उतरताना नाड्यावरच बसतो, हे रागाच्या भरात आकाराम विसरला. कृष्णात बसला, बैल उतरायला लागले, आणि नाडा तुटला. बैल गुडघ्यावर गेले. कृष्णात दगडावर आपटला आणि त्याची मांडी मोडली.

सगळ्यांत आधी धावला तो आकारामच. त्यानंच गाडी जुंपली, त्यानंच भावाला मिरजेच्या दवाखान्यात पोचवलं. लोक म्हणाले, नाडा जुना होता. आकाराम गाडीचे बैल सोडायला लागला.

घरी परतल्यावर त्याला कुठं ठरेना. उठायचा, बसायचा, विहिरीकडं निघायचा, अर्ध्या वाटेतून फिरायचा. आणि दिवसातून पाच-पाच वेळा मला कानस लावायचा. तोडायला पेंडीभर कडवळ नव्हतं, पण माझी धार काढणं चालूच. मित्रांनो, धार काढून घेणं मला आवडतं. पण त्या दिवसांत माझ्या अंगावर काटा यायचा, कारण कानस मारताना तो माझ्याकडं बघत नसायचा. तो आपल्या हातांकडं बघायचा.

त्यातच तो आयतवार आला. नाथाजी मास्तर आधीच तापलेले होते. सांगलीहून आलेले एक तरुण पाळक शास्त्रातल्या बऱ्याच गोष्टी उपमा म्हणून घ्याव्यात असं सांगून गेले होते, आणि ते मास्तरांना झोंबलं होतं. "आज उपमा म्हनाल, उद्या देवालाच उपमा म्हनाल!" त्यांनी पुस्तकावर थाप मारली. "अक्षर न् अक्षर खरं हाय. मोहरीएवढा इस्वास आसला तर डोंगराला सरक म्हटलं की डोंगर सरकनार!"

मागून धुळा नावाचा एक गडी म्हणाला, "मग मास्तर, आपल्या डोंगराला सांगा की जरा. ढग त्येच्यापायी आडत्यात."

लोक हसले. मास्तरांनी डोळे वटारले आणि पुढचं वाचलं. उजवा हात पाप करायला लावत असेल तर तो तोडून टाकावा, सगळं अंग नरकात जाण्यापेक्षा एक अवयव गेलेला बरा, अशा अर्थाचं ते वचन होतं.

आकाराम उभा राहिला. "मास्तर, हे बी असंच्या असंच?"

"काना-मात्रेसकट," मास्तर म्हणाले. त्यांना काय ठाऊक, विचारणाऱ्याच्या पोटात काय आहे ते.

बुधवारी सकाळी घरामागच्या ओंडक्याजवळ आकारामनं पटका सोडला आणि त्यानं उजवा दंड आवळून बांधला. मग उजवा हात ओंडक्यावर ठेवला, डाव्यात मला घेतलं. मी आयुष्यात इतका धारदार कधी नव्हतो, आणि इतका बोथट व्हावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नाथाजी मास्तर कृष्णातची खबर विचारायला घराला वळसा घालून आले. बघतात तर हे!

"आरं, आरं! काय करतूस येड्या?"

"तुमीच सांगितलंय. तोडून टाक म्हनून."

"आरं ती उपमा हाय रं!"

आकारामनं मान वर केली. "आयतवारी अक्षर न् अक्षर खरं, आन् बुधवारी उपमा? कोयता बघितला की शास्त्र बदलतं व्हय, मास्तर?"

मास्तर कोयता धरायला पुढं झाले. तेव्हा आकाराम ओरडला, "नाडा जुना न्हवता! मी कापला! दादाची मांडी मी मोडली! आता सांगा, ह्यात उपमा कुठली ती!"

मागच्या दारात राहीबाई सूप घेऊन उभी होती. सूप तिच्या हातातून गळलं. एका लेकानं दुसऱ्या लेकाला लोळवलं, हे तिनं असं, भर उन्हात ऐकलं. ती हळूच उंबऱ्यावर बसली. मग तिनं विचारलं,

"कंच्या हातानं कापलास?"

"काय?"

"नाडा. कंच्या हातानं?"

"डाव्या."

"आन् पुस्तकात कंचा लिवलाय?"

"उजवा."

"मग त्यानं काय केलंय? त्यो तर भाकरी खातुया गरीब."

आकारामनं ओंडक्यावरच्या हाताकडं पाहिलं. मग डाव्याकडं पाहिलं. लिहिल्याप्रमाणं करावं तर निरपराध हात जातो; गुन्हेगार हात तोडावा तर लिहिल्याप्रमाणं होत नाही. पण माणूस हट्टाला पेटलेला. त्यानं मला उजव्या हातात घेतलं, डावा ओंडक्यावर ठेवला आणि वार केला.

लोक म्हणतात, उजव्या हातात कोयता बसेना म्हणून निसटला. मी सांगतो, मी उडी मारली. परसातून जी उडी घेतली ती थेट उकिरड्यात. ट्रकचा पाटा असल्यापासून मला उसळायची सवय आहे.

राहीबाईनं मला शेणातून काढून पदरानं पुसलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी वाचता, मी ऐकते. चाळीस वर्सं ऐकते. येशूच्या मानसानं तलवारीनं एकाचा कान तोडला, तवा येशूनं त्यो जोडून दिला, व्हय का न्हाई?"

"व्हय."

"वाळलेल्या हाताच्या मानसाचा हात बरा केला?"

"केला."

"मग जो जोडत फिरला, त्यो ह्येला तोड कसं म्हनंल?"

मास्तरांना सुटल्यासारखं झालं. "तेच म्हनतो राहीबाई, उपमा हाय ती. जा आकाराम, आत जा, पानी पी—"

"पानी न्हाई पेयाचं!" राहीबाई कडाडली. "उपमा म्हनून सुटतूया व्हय त्यो? तोड म्हंजे तोडच हाय. पर हाताला अक्कल न्हाई, त्येला कशाला? जे पोटात दाबून बसलायस ते तोड. हात तोडून गप बसनं लय सोपं. जा मिरजेला, आन् हे दादाच्या तोंडावर सांग. कोयता बी घिऊन जा."

मित्रांनो, हात तोडायला निघालेला तो गडी हे ऐकून दोन पावलं मागं सरला.

पटक्यात गुंडाळून मी एसटीनं मिरजेला गेलो. मूठ बाहेर डोकावत होती. कंडक्टर म्हणाला, "काय पाव्हनं, एवढ्या दुष्काळात कुठं ऊस घावला?" आकाराम दर फाट्याला उतरायला उठायचा आणि पुन्हा बसायचा.

कृष्णात खाटेवर होता, पायाला वजन लावून पाय टांगलेला. आकाराम त्याच्या पायथ्याशी उभा राहिला. शेवटी त्यानं पटका सोडून मला खाटेवर ठेवलं आणि म्हणाला, "दादा, नाडा मी कापला."

कृष्णातनं उशीखालून वीतभर दोराचा तुकडा काढला.

"ह्यो पडलो तवाच माज्या हातात आला. काप बघ. डाव्या अंगानं उतरलाय. गावात डावरा कोयता किती हायत?"

"एकच."

"मग?"

"तुला पयल्यापासनं ठावं हुतं? बोलला का न्हाईस?"

"तू कवा येतूस ते बघत हुतो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तो रागावला. "आयला, एकवीस दिस लावलंस! माज्या कांद्याला पानी कोन देतंय?"

"कोन न्हाई."

"मग हितं काय उभा ऱ्हायलास? ह्यो तुकडा घे, नाड्याला जोड, आन् मोट धर. दोनी हातानं."

आकारामनं तसंच केलं. त्या जोडामुळं नाड्याला एक मोठी गाठ आली. गाठ चाकावरून जाताना ठक्क आवाज व्हायचा. दर मोटेला ठक्क. आणि दर ठक्कला आकारामची नजर डाव्या हाताकडं जायची. अर्धा कांदा वाचला. पाणी मात्र त्या वर्षी त्यानं आधी दादाच्या वाफ्यात सोडलं.

चार महिन्यांनी कृष्णात कुबडी टेकत प्रार्थनाघरात आला आणि धाकट्याशेजारी बसला. मी दाराच्या खुंटीवर होतो. मास्तर आता वाचताना जरा थांबून, चष्म्यावरून लोकांकडं बघून वाचायचे. भाकरीची थाळी फिरत फिरत कृष्णातकडं आली. आकारामनं आठवणीनं उजवा हात पुढं केला.

"त्यो न्हाई," कृष्णात म्हणाला. "दुसरा."

"दादा, डावा हाय त्यो."

"ठावं हाय मला."

आणि त्यानं भाकरीचा तुकडा आकारामच्या डाव्या हातावर ठेवला. नाथाजी मास्तरांचे डोळे उघडे होते. ते 'हात बदल' म्हणाले नाहीत.

तर मित्रांनो, हा असा मी. आता विहिरीवर इंजिन आलं, मोट गेली, आणि आकारामचे गुडघे ऊसतोडीला नको म्हणतात. मला कुणी पुसत नाही. मध्यंतरी एका पोरानं माझ्यानं चिखल उकरला, तेव्हा फार वाईट वाटलं. आठवड्यातून एकदा थोडं तेल लावाल, तर मी शहाण्यासारखा पडून राहीन. शास्त्र वाचणाऱ्यांना मात्र माझं एक सांगणं सांगा. कुणी म्हणालं अक्षर न् अक्षर खरं, तर त्याच्या हातात मला द्या. कुणी म्हणालं नुसती उपमा आहे, तर त्याला पोटातलं सांगायला मिरजेच्या एसटीत बसवा, आणि दर फाट्याला तो उतरायला उठतो का, तेवढं बघा.