चौथीच्या पालकांचा पाट

करमळखणच्या सरकारी प्राथमिक शाळेत दरवर्षी आश्विनात सरस्वती बसते आणि तिच्यासमोरच्या पाटावर चौथीतल्या मुलाचे आईबाप बसतात. हा नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच तो पक्का. चौथीत तीन-चार मुलं असली तर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल ते जोडपं पाटावर. भटजी संकल्पात मुलाचं नाव घेतात, कारण ते मूल आता शाळा सोडून पुढं जाणार.

यंदा चिठ्ठ्यांची गरज नव्हती. चौथीत एकच मुलगी होती, स्वाती. आणि स्वातीचे आईबाप म्हणजे ज्योती आणि भैरू, खानापूरकडचे, नऊ वर्षांपूर्वी बांधकामावर आलेले. भैरू सेंटरिंगचं काम करायचा, ज्योती गावातल्या पाच घरांत भांडी-लादी. तिच्याकडे वही नव्हती, पण माणसांची खाती तिच्या डोक्यात नीट मांडलेली होती: कोण चहा आत बोलावून देतं, कोण पायरीवर, आणि कोणाच्या घरी तिचा कप फडताळात एकटाच वेगळा राहतो. गावाला वाटायचं, ती खाली बघून लादी पुसते. ती लादीच पुसायची, पण सगळं टिपून.

पाटाचं मात्र तिनं मनावर घेतलं होतं. लग्नातली हिरवी साडी काढून उन्हात टाकली होती. भैरूनं मुकादमाला सांगून सुट्टी ठरवली होती, आणि कोणी बघत नाही असं समजून आरशासमोर खांद्यावर उपरणं टाकून बघितलं होतं. ज्योतीनं बघितलं होतं.

पूजेच्या आधीच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात पालक-शिक्षक संघाची बैठक झाली. अध्यक्ष गोकुळदास. त्यांचा नातू रोज सकाळी शाळेच्या बालरथ बसमध्ये बसून म्हापशाच्या इंग्रजी शाळेत जायचा, म्हणजे ज्याचं या शाळेत कोणी नाही असा माणूस पालकांचा अध्यक्ष होता. पण हेही कुठं लिहिलेलं नव्हतं. शेजारी सुमंगलाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि एकमेव शिक्षिका, इतिवृत्ताची वही उघडून बसल्या होत्या.

"यंदा पाटार महादेव आणि हर्षा बसतले," गोकुळदासांनी आपल्या मुलाचं आणि सुनेचं नाव घेतलं, आणि प्रसादाच्या खोबऱ्याकडे वळले.

"त्यांचं लेकरू कितवीत हाय?" ज्योतीनं मागून विचारलं.

"निहार? सातवीत. म्हापशाक."

"म्हापशातलं लेकरू, आणि पाट इथं?"

"घर गावचा मा, गो. मान घराचो असता."

"दरसाल तर चौथीतल्या पोराचा असतोय. मागच्या साली चिठ्ठ्या टाकलासा, मी होते की. पाट मीच पुसला होता."

कोणीतरी हसलं आणि मग खोकला आल्यासारखं केलं. गोकुळदास रागावले नाहीत. रागवायचं काम त्यांनी कधी स्वतः केलं नव्हतं. "ज्योती, राग मानू नको. भट गोत्र विचारता. तू कितें सांगतलस?"

"गोत्र जूनमध्ये विचारायचं होतं, बाब. बिस्किटं वाटताना. तवा आधारकार्डावर भागलं."

व्हरांड्यातल्या सगळ्यांना जून आठवत होता. शाळेत पाच मुलं उरली होती आणि आता शाळा बंद होणार अशी आवई उठली होती. तेव्हा हेच गोकुळदास बिस्किटांचे पुडे घेऊन कामगारांच्या खोल्या-खोल्यांतून फिरले होते. "पोरां घाला गो, शाळा तुमचीच." सहा पोरं मिळाली, पट अकरावर गेला, शाळा वाचली. पुडे ज्योतीनंच धरले होते.

"तां वेगळा," गोकुळदास म्हणाले. "शाळा सरकारची, पूजा गावची. दोनय एकठांय करू नको."

सुमंगलाबाईंनी एवढं बोलणं झालं तरी वहीत एक ओळ लिहिली नाही. ज्योतीनं तेही टिपलं.

मंगळवारी कामं उरकून ती बसनं पेडण्याला गेली आणि शाळांचा कारभार बघणाऱ्या कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. तिथला कारकून सगुण. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर राग काढायला सोपं गेलं असतं.

"पूजेचा आदेश आम्ही काढत नाही, बाई. तो सरकारी कार्यक्रम नव्हे."

"मग त्या दिवशी शाळेला सुट्टी?"

"सुट्टी कशी? कामकाजाचा दिवस. हजेरी लागणार."

"पोरगी नाही पाठवली तर?"

"गैरहजर."

"आणि पाटावर कोण बसायचं?"

"तें गाव बघून घेईल."

ज्योतीनं जरा विचार केला. "म्हणजे पोरीनं यायचंच, हे सरकार सांगणार. आणि तिच्या आईनं बसायचं नाही, हे गाव सांगणार."

सगुणनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू? तू लेखी तक्रार दिलीस तर साहेब एकच करतील. सरकारी शाळेत धार्मिक विधी नकोत म्हणून पूजाच बंद. सगळ्यांची."

"मला बंद करायची नाही. मला बसायचं हाय."

"बसवायचा अधिकार आम्हांला नाही गो. बंद करायचा आहे."

तिनं मागून घेतलेला कोरा कागद तसाच घडी करून परत आणला. घरी स्वाती सरस्वतीसाठी रंगीत कागदाच्या साखळ्या चिकटवत बसली होती, हातभर लांब झाल्या होत्या. त्यांच्याकडे बघून तक्रार लिहायची कशी?

पूजेच्या आदल्या दिवशी गोकुळदासांचा निरोप आला: ज्योतीनं सकाळी सहाला येऊन व्हरांडा धुवावा. भैरूनं तो ऐकला आणि सुट्टी रद्द करून टाकली. ज्योती गेली. व्हरांड्यावरून तिचीच पोरगी चालणार होती.

आठला केळीचे खांब उभे राहिले, मुलांच्या पाट्या-पुस्तकं मूर्तीपुढं रचली गेली. महादेव नव्या उपरण्यात, हर्षा पैठणीत. ज्योतीची हिरवी साडी खोलीवर राहिली. ती ओल्या पदरानं दाराशी उभी होती. भटजी शेजारच्या गावचे, यंदा पहिल्यांदाच आलेले. त्यांनी महादेवाला गोत्र विचारलं, मग म्हणाले, "चौथीतल्या विद्यार्थ्याचं नाव सांगा."

महादेवानं हर्षाकडे बघितलं, हर्षानं गोकुळदासांकडे. "निहार," ती हळूच म्हणाली.

"कोणता तो? पुढं बसवा त्याला."

निहार त्या वेळी म्हापशात पहिल्या तासाला बसला असणार. भटजींनी सुमंगलाबाईंकडे मान वळवली. "बाई, चौथीत कोण आहे?"

"स्वाती," बाई म्हणाल्या. खोटं बोलायला पट आडवा आला.

"मग स्वाती," भटजी म्हणाले. त्यांना दुसऱ्या गावची पूजा गाठायची होती. त्यांनी महादेवाचं गोत्र, महादेव-हर्षाचं नाव आणि त्यापुढं 'कन्या स्वाती' असा संकल्प खणखणीत सोडला. एका दमात पोरीला नवं गोत्र मिळालं आणि नवे आईबाप मिळाले. स्वातीनं मान वळवून दाराकडे बघितलं. हे बरोबर झालं की चूक, हे तिला आईच्या तोंडावरून वाचायचं होतं.

आरती झाल्यावर गोकुळदास पंचखाद्याची पुडी घेऊन दाराशी आले. "बघलस मा? तुझ्या चेडवाचाच नाव घेतला. आता तरी खूश?"

ज्योतीनं पुडी घेतली नाही. नऊ वर्षांत या माणसानं दिलेलं काही तिनं परत केलं नव्हतं. ती सरळ बाईंच्या टेबलाशी गेली.

"बाई, आज स्वातीची हजेरी लावलासा?"

"लावली."

"हजेरीत बापाचं नाव काय हाय?"

"भैरू."

"आणि आत्ता काय म्हटलं?"

सुमंगलाबाईंनी हजेरीपट मिटला. "ज्योती, माझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत. ती मला याच गावात काढायचीत."

"मी नऊ काढलीत, बाई."

संध्याकाळी तिनं तो घडी केलेला कागद काढला आणि स्वातीपुढं ठेवला. "लिही. मी सांगते." स्वातीनं लिहिलं, याच शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरात. मध्ये एकदा थांबून विचारलं, "आई, पूजा बंद होईल?"

"बंद करा असं आपण लिहिलंय कुठं? वाच बघू."

स्वातीनं वाचून खात्री केली. तसं कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ज्योतीनं दोन घरांची कामं सोडली आणि तो कागद सगुणच्या खिडकीत सरकवला. सगुणनं तो उभ्या-उभ्या वाचला: 'सरस्वतीपूजेचा दिवस शाळेचा आहे का गावचा? शाळेचा असेल तर माझी मुलगी दुसऱ्यांची म्हणून कोणी लावली? गावचा असेल तर तिची हजेरी कशाला घेतली? उत्तर लेखी द्यावे.' खाली ज्योतीची सही, आणि तिच्या शेजारी भैरूचा अंगठा.

"ही तक्रार नव्हे," सगुण म्हणाला.

"नव्हे."

"मग तोंडीच सांगतो ना तुला."

"तोंडी गेल्या खेपेला सांगितलासा. आता कागदावर पाहिजे. आणि पोच द्या."

सगुणनं सुस्कारा टाकून आवक नोंदवही उघडली. क्रमांक घातला. तारीख घातली. ज्योतीचं नाव, गाव, सगळं घातलं. विषयाच्या रकान्याशी त्याचं पेन थांबलं.

"विषय काय घालू? शाळा की पूजा?"

"तेच विचारलंय आत."

मागं उभा असलेला माणूस कंटाळून पुढं झुकला. ज्योती खिडकीवरून हलली नाही.

"साहेबांना विचारून या," ती म्हणाली. "मी थांबते."