बारवेचं पाणी आणि तांब्याची घागर

मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. येडशीपासून सहा किलोमीटरवरच्या एका वस्तीत, जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर तीनेकशे माणसं उभी होती. जवळपास प्रत्येकाच्या हातात तांब्याची घागर. द्राक्षबागा फुलोऱ्यात, आठ दिवस आभाळ भरलेलं, पानापानावर केवडा. ही बुरशी घडावर उतरली की आठवड्यात बाग जाते.

कट्ट्यावर शंभुलिंग महाराज बसले होते.

"पाण्यात प्राण हाय, बाबांनो! घागरीत रातभर मुरवा, प्राण दुप्पट होतो. औषधाला शिवू नका. औषध मारलं की देवी पाणी सोडून जाते!"

पुरावा मागंच उभा होता. देवस्थानच्या वेलींच्या दोन ओळी, हिरव्यागार. भोवती दोरी. दर्शन बारा हातांवरून. आत पाऊल टाकलं तर विटाळ.

गर्दीत दैवशाला होती. बाग एकरभर, घरचं दुसरं उत्पन्न नाही. हा चमत्कार सुरू झाला तो तिच्याच बागेतून. गेल्या वर्षी धाराशिवच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या राजेश्वरी यांनी या बारवेच्या शेवाळलेल्या पाण्यातून बुरशीला रोखणारा एक जिवाणू वेगळा काढला, प्रयोगशाळेत वाढवला आणि दैवशालाच्या दोन ओळींवर फवारला. त्या ओळींत रोग निम्म्यावर आला. वस्तीनं बारव लक्षात ठेवली, प्रयोगशाळा विसरली. दोन महिन्यांत महाराज आले.

यंदाही राजेश्वरींनी दैवशालाला वाढवलेल्या जिवाणूंचा कॅन दिला होता. सोबत दोन सूचना: कॅनमधून थेट पंपात ओता, आणि आभाळ आलं तर नेहमीचं औषध थांबवू नका. तरीही बाग जळत चालली. म्हणून रविवारी त्या येऊन कॅनमधल्या आणि दैवशालाच्या घागरीतल्या पाण्याचे नमुने घेऊन गेल्या होत्या. आता पायऱ्या उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात काचेच्या दोन बशा होत्या.

"दैवशालाताई, कॅनमधलं पाणी पंपात कसं ओतलंत?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"थेट न्हाय, मॅडम. प्लास्टिकात तीर्थ कसं ठिवावं? म्या रातभर घागरीत ठिवलं, मग मारलं."

"आणि औषध?"

दैवशालानं कट्ट्याकडं बघितलं. "महाराज नको म्हणले."

राजेश्वरींनी बशा उंच धरल्या. एकीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी, दुसरी जवळपास कोरी.

"ही कॅनच्या थेंबाची. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची वसाहत. ही तुमच्या घागरीच्या थेंबाची. तांबं जंतू मारतं, म्हणून तर आपण पिण्याचं पाणी त्यात ठेवतो. यातले कामाचे कोणते, हे तांब्याला कळत नाही."

"बाई, बशीत देव मावतो व्हय?" महाराज म्हणाले. गर्दी हसली.

दैवशालाची सासू हरणाबाई हसली नाही. "देवाचं राहू द्या, महाराज. माज्या सुनंची बाग कुणी खाल्ली, त्ये सांगा." तिनं दोरी उचलली.

"आजी, इटाळ!" शिष्य शांतलिंग धावला.

"सर बाजूला. इटाळ माज्या वयाला भेतोय."

तिनं एक पान पदरानं पुसलं आणि पदर वर धरला. निळसर पांढरा डाग.

"मोरचूद न् चुना! बुरशीचं औषध हाय ह्ये! ईस वरीस बागंत राबले, म्या हे वळकणार न्हाय? का वो महाराज, तुमची देवी न्हाय व्हय पाणी सोडून गेली?"

आता कुणी हसलं नाही. गर्दीतल्या दोघांनी कट्ट्यामागचं पोतं ओढलं. खाली फवारणीचा पंप, नोझल निळं.

"दर चार दिसाला," शांतलिंग खाली बघत म्हणाला. "पहाटं."

"पाण्यात प्राण होताच," राजेश्वरी महाराजांना म्हणाल्या. "तो तुम्ही मारायला लावलात."

स्वतःच्या वेलींना बुरशीनाशक आणि लोकांच्या वेलींना मंत्र, एवढाच हा चमत्कार. जे दोरीपलीकडून दाखवतात, ते हातात घेऊन पाहा. जे सगळ्या बागेवर मारायला सांगतात, ते आधी दोन ओळींवर मारा, दोन ओळी तशाच सोडा, आणि मोजा. यात देवाचा अपमान नाही. तपासू न देणाऱ्याला मात्र विचाराच: का?

गुरुवार, सायंकाळी सहा. पोलीस ठाण्यात दैवशालाचा अर्ज दाखल, चौकशी सुरू. महाराजांचा फोन बंद. दैवशालानं औषधाची फवारणी सुरू केली आहे. निम्मे घड गळाले आहेत, उरलेले टिकतील की नाही हे आठ दिवसांनी कळेल. बारवेवर आज सकाळी एकोणीस घागरी होत्या.