टोपलीतली पांढरी अळंबी

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी घरात कुणालाच काही वेगळं वाटलं नव्हतं. धाकट्या तोनचा एक बूट सापडत नव्हता. त्याची बहीण प्रांग उभ्याउभ्या पाव खात होती. आठवडाभर लागलेला पाऊस थांबला होता, आणि त्यांची आई बुआलाई खिडकीतून सारखी बाहेर बघत होती. शेवटी तिने मला खुंटीवरून काढलं. "चला, जंगलात जाऊ," ती म्हणाली. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

मी एक जुनी टोपली आहे. पाइनच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या भिजवून एका म्हाताऱ्याने मला विणलं आणि शरदातल्या बाजारात मांडलं. तिथून मला गुनवोर नावाच्या बाईने घरी नेलं. तिच्याकडे मी अनेक वर्षं काम केलं. जंगलातून मी फक्त पिवळी अळंबी वाहायचे. गुनवोर प्रत्येक अळंबी उलटी करून बघायची, तिचा वास घ्यायची, बुडखा कापायची. जरा शंका आली तर तिथेच फेकून द्यायची. माझ्यात कधी पांढरं काही पडलं नाही.

मग समोरच्या घरात हे कुटुंब राहायला आलं. बाप थावोन याला गावच्या कागदाच्या गिरणीत नोकरी लागली होती. ती माणसं ईशान्य थायलंडची. इकडे, उत्तरेकडच्या या बर्फाळ देशात, त्यांना प्रत्येक गोष्ट विचारावी लागे. दुधाचा खोका कुठल्या डब्यात टाकायचा, इमारतीतल्या कपडे धुण्याच्या खोलीत आपली पाळी कधी, पावसाळी कपड्यांच्या आत लोकर घालायची की नाही. बुआलाईला इथली भाषा येत नव्हती. प्रांग मात्र शाळेत एका हिवाळ्यात ती बोलू लागली. त्यामुळे घरात रोज एकच हाक ऐकू यायची, "प्रांग, जा, गुनवोरआजीला विचारून ये."

प्रांग कुरकुरत, नुसत्या मोज्यांवर समोर जायची.

"आता काय?" गुनवोर दार उघडून म्हणायची.

"आई विचारते, दुधाचा खोका कुठे टाकायचा, आजी."

"मागच्या आठवड्यात सांगितलं होतं. धुऊन, चपटा करून, कागदाच्या डब्यात. आणि मी तुझी आजी नाही. नुसतं गुनवोर म्हण."

"आई म्हणते, मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारली तर पाप लागतं."

"मग लागू दे थोडं."

गुनवोर तोंडाने फटकळ होती, पण मनाने वाईट नव्हती. बुआलाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून जंगलातली फळं आणते हे तिने पाहिलं आणि मला उचलून त्यांच्याकडे दिलं. "पिशवीत सगळं घामेजतं. ही घ्या," ती म्हणाली. "फळं खुशाल आणा. अळंबी मिळाली तर मात्र आधी मला दाखवा." प्रांगने ते आईला सांगितलं. आईने मान हलवली. वर्षभर ती अशीच मान हलवत आली होती.

त्या रविवारी आम्ही बर्चच्या झाडांखाली पोहोचलो आणि बुआलाई एकदम थांबली. ओल्या शेवाळात पांढरीशुभ्र अळंबी उभी होती. बुडाशी फाटक्या कवचासारखी पिशवी होती. बुआलाई गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"आई, ही कसली?"

"ही आपली. हंसाच्या अंड्याची म्हणतात हिला. तुझ्याएवढी असताना मी आईबरोबर ही काढायला जायचे. ती रस्त्याच्या कडेला बसून विकायची. लोक गाड्या थांबवून न्यायचे."

"आजीला दाखवायला जावं लागेल?" प्रांगचं तोंड आधीच उतरलं होतं.

"नाही," बुआलाई म्हणाली आणि हसली. "आज कुणाला काही विचारायचं नाही. खोका कुठे टाकू, टोपी कुठली घालू, पोरगा शिंकला तर शाळेत पाठवू की नको. किती विचारायचं माणसाने? हे मला येतं. एक गोष्ट तरी मला येऊ दे की."

प्रांगला बरं वाटलं. तिची खेप वाचली होती.

बुआलाईने एकेक अळंबी जपून माझ्यात ठेवली. मित्रांनो, टोपलीला ओझं कळतं, पण टोपलीला तोंड नसतं. त्या अळंब्या हलक्या होत्या. त्यांना फारसा वासही नव्हता. घरी येईपर्यंत बुआलाई गुणगुणत होती.

तिने मिरच्या आणि शेपू घालून रस्सा केला. शेपू तिच्या गावीही होता आणि इथेही मिळायचा. त्याबद्दल तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. पोरांनी मात्र मॅकरोनीचा हट्ट धरला.

"एक घास तरी खा गं."

"नको. मला मॅकरोनीच."

"गोऱ्या झाल्या माझ्या पोरी," बुआलाई म्हणाली.

"मी पोरगी नाही," तोन म्हणाला.

"तूही झालास." तिने हसत हसत दोन्ही वाट्या आपल्यापुढे ओढल्या. थावोन कामावर होता. त्याच्यासाठी दोन अळंब्या तिने माझ्यात राखून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. कुणी घाबरलं नाही. इथे शरदात मुलं बालवाडीतून पोटाची साथ घरी आणतातच. साथ असलेल्या घरात कुणी पाऊल टाकत नाही, हीही इथली रीतच आहे. थावोनने सगळ्यांना घरी ठेवलं. गुनवोरने जांभळ्या बेरींचं सार दाराबाहेर ठेवलं आणि बाहेरूनच हाक मारली, "मी आत येत नाही. बरं वाटेपर्यंत दार उघडू नका."

त्या दाराच्या आत, फळीवर, मी होते. माझ्या पोटात त्या दोन अळंब्या होत्या. तिला ओकारी आली की मला वाटायचं, कुणीतरी वर बघा. कुणी बघितलं नाही.

पुढे एक दिवस तिला चांगलं वाटलं. ती उठली, पेज प्याली, तिने प्रांगची वेणी घातली. "बघ, गेलं," ती म्हणाली. थावोनने कामावर फोन करून उद्या येतो म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले.

रुग्णवाहिका आली. डॉक्टरांनी थावोनला विचारलं, काय खाल्लं होतं? त्याला ठाऊक नव्हतं. मुलांना सांभाळायला गुनवोर पहिल्यांदाच आत आली आणि तिला फळीवर मी दिसले. तिने एक अळंबी उचलली, उलटी केली, बुडाची ती पिशवी बघितली. बुआलाईच्या गावच्या अळंबीसारखीच दिसणारी ती इथली विषारी अळंबी होती. गुनवोरने लगेच फोन मागितला. प्रांगने इस्पितळाचा नंबर लावून दिला.

उशीर झाला होता. बर्फ पडायच्या आत बुआलाई गेली.

त्यानंतर मला कुणी खुंटीवर टांगलं नाही. गुनवोरने परत घेतलं नाही. थावोनला मला फेकवेना. त्याने मला तळघरातल्या खोलीत, गाडीच्या हिवाळी टायरांवर नेऊन ठेवलं. माझ्या पट्ट्या सुकून तडकल्या, दांडा सैल झाला. मुलांचे लहान झालेले बूट दरवर्षी माझ्या शेजारी येऊन पडत. लोक बुआलाईला बिचारी म्हणत. आईचा विषय निघाला की प्रांग उठून जायची.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, वाऱ्यावर टांगा, मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण माझ्यात काय पडतं तेही बघत जा, आणि जाणत्या माणसाला दाखवत जा. आणखी एक मागणं आहे. परक्या गावात आलेल्या माणसाला रोज दुसऱ्याचं दार वाजवावं लागतं. त्याने तो थकतो. असं कुणी तुमच्या दाराशी आलं, तर 'आता काय?' म्हणू नका.

गेल्या महिन्यात थावोनने आपल्या गावी परतायचं ठरवलं. तळघर रिकामं करायला प्रांग आली. आता ती तिच्या आईच्या त्या वेळच्या वयाला पोहोचली आहे. तिने बूट पोत्यात भरले, टायर बाजूला केले. मग मला उचललं आणि मांडीवर घेऊन एका टायरवर बसली. बराच वेळ ती माझ्या रिकाम्या पोटात बघत होती. मला वाटलं, उठेल आता, नेहमीसारखी.

ती उठली नाही.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मला पाठवायचं होतंस. मी कुरकुर केली असती. पण गेले असते."