सत्काराच्या दिवशीचं गणित

खतिजाला सत्कार नको होता. सरपंच विजयसिंहांना तिनं तोंडावर सांगितलं होतं, "सोमवारपासनं पोरींची दहावी हाय. ती झाल्यावर काय करायचं ते करा." पण पाहुण्यांची तारीख मिळाली होती आणि त्यापुढं दहावीला कोण विचारतंय.

म्हणून रविवारी सकाळी वरकुट्याच्या समाजमंदिरात, जिथं एरवी तिचा वर्ग भरायचा, तिथं खुर्च्या मांडल्या. फळ्यावर बॅनर चढला. पोरी नऊवारी नेसून, ओवाळणीची ताटं घेऊन दारात उभ्या राहिल्या. छकुलीचं गणित अजून कच्चं होतं आणि तिला दिलं होतं स्वागतगीत.

भिगवणच्या बाजारात मासे विकता विकता खतिजानं तिशी ओलांडल्यावर दहावी दिली, मग पदवी घेतली. शेजारच्या खुर्चीतले जोतीराम तात्या एसटीचे ड्रायव्हर. शाळा सुटलेल्या पोरी उसाच्या फडाकडं जाताना त्यांनी स्टिअरिंगमागून वर्षानुवर्षं बघितल्या होत्या. निवृत्त झाल्यावर अशा पोरींना दहावीला बसवायच्या वर्गाची गोष्ट त्यांनीच खतिजाकडं काढली.

ऊन चढलं. पाहुणे बारामतीतून निघालेच आहेत, असं निवेदक पुन्हापुन्हा सांगत होता. मधल्या वेळात 'मासळीच्या पाटीपासून पदवीपर्यंत' हे तेच वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं, की खतिजाच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"तात्या, उठा."

"कुठं?"

"वर्गावर."

पोरींना घेऊन ती मागच्या लिंबाखाली गेली. तात्यांनी काटकीनं मातीत समीकरण मांडलं. पोरी काष्टा सावरत उकिडव्या बसल्या. छकुली नेहमीच्या जागी अडली.

"चिन्ह बदललं का न्हाय?" खतिजा करवादली. "किती डाव सांगायचं गं?"

तेवढ्यात सरपंच धापा टाकत आले. "ताई, पाहुणं आलं. चला की."

"एवढं उदाहरण सुटू द्या."

"सारं गाव बघतंय."

"बघू द्या."

उदाहरण सुटायला वेळ लागला. तोवर पाहुणे भाषण उरकून दुसऱ्या कार्यक्रमाला गेले. सरपंचांनी रागानं समाजमंदिराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"शाल तरी घ्यायची हुतीस," तात्या म्हणाले. खतिजानं त्यांच्या हातातली काटकी घेऊन मातीत पुढचं उदाहरण मांडलं.

परीक्षेच्या दिवसांत वर्ग छकुलीच्या आईच्या, द्वारकाबाईच्या गोठ्यात भरला. शेवटी द्वारकाबाईच चार बायका घेऊन सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसली. "किल्ली दिल्याबिगर उठायचं न्हाय," म्हणाली. दुपारच्या आत किल्ली मिळाली.

निकालात छकुली गणितात काठावर सुटली. दुसऱ्या दोघी मात्र इंग्रजीत नापास झाल्या. त्यांच्यावर आणि गणिताच्या नादात इंग्रजीकडं काणाडोळा केला म्हणून स्वतःवरही चरफडत, खतिजानं दुसऱ्याच दिवशी दोघींना पहिल्या धड्यापासून बसवलं.